हॅमेल मास्तरांची साक्ष काढू नका

2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, तेव्हा पुण्याच्या मित्रांनी मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा पाठवली: फ्रेंच लेखक आल्फाँस दोदेची, हॅमेल मास्तरांच्या शेवटच्या तासाची. सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीत ती आहे. बर्लिनहून हुकूम येतो, उद्यापासून शाळेत फक्त जर्मन. मास्तर फळ्यावर ‘फ्रान्स चिरायू होवो’ लिहितात आणि तास संपतो. जीआर मागे घेतला गेला, गोष्ट अजून फिरतेच आहे. गोष्ट घडते ती फ्रान्सच्या जर्मन सीमेवरच्या अल्सासमध्ये. मी तिथेच राहतो, म्हणून ‘तुला तर जास्तच भिडत असेल’ अशी पुस्तीही असते.

भिडते. पण हिंदीसक्तीला विरोध असूनही ही साक्ष मला चालत नाही. 1871 मध्ये जर्मनीने शेजारच्या लोरेनच्या काही भागासह हा प्रांत घेतला, तेव्हा इथल्या खेड्यांत घरोघरी अल्सासी बोलली जायची, आणि ती जर्मन कुळातली बोली. गोष्टीतल्या शाळकरी फ्रान्त्सला त्याची आई फ्रेंचमधून हाका मारत असेल, हे कठीणच. दोदे यावर गप्प. (तो स्वतः दक्षिणेतल्या नीमचा. तिथली ओक्सितान भाषा मागे रेटण्यात फ्रेंच शाळांचा हात मोठा.)

पुढची चाळीस वर्षं पॅरिसच्या वाचकाला गमावलेला प्रांत असाच हवा होता: सुतकातला, वाट पाहणारा. रने बाझँच्या 1901च्या कादंबरीत नायक जर्मन फौजेतून पळून फ्रान्स गाठतो. जर्मनांशी जुळवून घेणारा त्याचा बाप वाचकाच्या मनातून उतरतो. मोरिस बारेसची ‘कोलेत बोदोश’ (1909) ही कादंबरी लोरेनमधल्या मेस शहरातली. नायिका कोलेतच्या घरी भाड्याने राहणारा प्रशियन शिक्षक तिला मागणी घालतो. ती 1870च्या वेढ्यात मेलेल्या सैनिकांच्या प्रार्थनेला जाऊन येते आणि नकार देते. बारेस मला जास्त धोकादायक वाटतो, कारण तो जर्मनाला राक्षस करत नाही. माणूस चांगला, तरीही नाही. वाचकाला वाटतं, हा निसर्गच आहे.

या पुस्तकांनी युद्ध पेटवलं असं मी म्हणणार नाही. 1914ची ठिणगी साराजेव्होत पडली. त्यांनी वेगळंच केलं. इथल्या माणसांचं मत त्यांना न विचारता लिहून टाकलं. प्रत्यक्षात 1911 मध्ये प्रांताला विधिमंडळ मिळालं होतं आणि राजकारण स्वायत्ततेभोवती फिरत होतं. महायुद्धात अल्सास-लोरेनचे सुमारे 3,80,000 लोक जर्मन गणवेशात होते. 1918 मध्ये फ्रान्स परतला, तेव्हा कादंबरीतलं अल्सास कुठे सापडेना. मग आईबापांच्या मुळावरून ए, बी, सी, डी अशी ओळखपत्रं वाटली गेली आणि ‘डी’वाल्या जर्मनांची हकालपट्टी झाली. शाळेत अल्सासी बोललो म्हणून शिक्षा झाली, असं सांगणारे म्हातारे इथे आजही भेटतात. शिक्षा करणारे मास्तर फ्रेंच शाळेचे.

सार्वमत ना 1871 मध्ये झालं, ना 1918 नंतर. आपण गोव्याला निदान विचारलं. कोकणी ही मराठीचीच बोली, गोवेकर मनाने आपलेच, असं छातीठोकपणे सांगणारे आपल्याकडे कमी नव्हते. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातलं विलीनीकरण नाकारलं. हे लिहिलं की पुण्याचा गट थोडा वेळ गप्प होतो. हिंदीसक्तीवर भांडायचं तर सहा वर्षांच्या पोराला तिसरी भाषा कशाला, हा साधा प्रश्न आहेच की. त्याला उत्तर मागा.