ॲलानन दारात उभा आहे

आमच्या घरात राजकारणावरून भांडणं होत नाहीत. तो विषय निघाला की सगळे आपापल्या फोनमध्ये जातात. भांडणं होतात ती टेरी ब्रुक्स या अमेरिकन लेखकाच्या 'शॅनारा'वरून. १९७७, १९८२ आणि १९८५ साली निघालेल्या जादूच्या काल्पनिक जगातल्या या तीन जाडजूड कादंबऱ्या माझ्या मुलीच्या, रेवाच्या कृपेने घरात आल्या आणि तेव्हापासून मला जेवताना मत द्यावं लागतं.

कथानक सोपं आहे. शेडी व्हेल नावाच्या गावात खानावळवाल्याच्या घरी दत्तक वाढलेला शे ओमस्फर्ड नावाचा मुलगा. एका रात्री काळ्या झग्यातला, सात फूट उंच ॲलानन नावाचा जादूगार येतो आणि सांगतो की, बाळा, शॅनाराच्या राजवंशातला तू शेवटचा, ती तलवार तुझ्याच हाती चालायची, तेव्हा ऊठ. मुलगा उठतो. दुसऱ्या भागात त्याचा नातू विल वैद्यकी शिकत असतो. सुखाचे दिवस. ॲलानन हजर. ऊठ. तिसऱ्यात विलची मुलं, ब्रिन आणि जेअर. दार कोणी वाजवलं हे सांगायची गरज नाही. बरं, हा गृहस्थ कधी पूर्ण माहितीही देत नाही. निम्मी गोष्ट पोटात ठेवतो आणि पोरं मरायला टेकली की उरलेली सांगतो. तरी तीन पिढ्यांत त्या घरातलं एक माणूस त्याला "आज अमावास्या आहे, उद्या या" म्हणत नाही.

रेवाला हे सगळं अत्यंत आवडतं. तिचं वय सोळा आहे. त्या वयात दारात सात फुटी माणूस येऊन "अकरावीचा क्लास सोड, जग वाचवायचंय" म्हणाला तर कोणाला नको असेल?

तिचा मामा अविनाश मात्र 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनचा वारकरी. तो दर रविवारी येतो आणि चहा यायच्या आधीच सुरू होतो. "भाऊजी, ही शुद्ध चोरी आहे! बुटका आहे, एल्फ आहेत, म्हातारा जादूगार आहे, उत्तरेला काळा सम्राट आहे. आणि चित्रं कोणी काढली माहितीय? हिल्डब्रांट बंधूंनी! टॉल्किनच्या कॅलेंडरांची चित्रं काढणारे तेच दोघे! चोराने निदान चित्रकार तरी बदलावा!" लिन कार्टर नावाच्या जाणत्या संपादकाने तेव्हाच या पुस्तकाला थंड डोक्याने मारलेला डल्ला ठरवलं होतं, हेही तो ऐकवतो. रेवा म्हणते, "मग काय झालं मामा? टॉल्किनने लिहून संपवलं होतं, लोकांना अजून हवं होतं." तिचा मुद्दा खोटा नाही. लेस्टर डेल रे या संपादकाने नेमकी हीच भूक ओळखून हे पुस्तक निवडलं आणि ते धो धो खपलं.

अविनाशबद्दल माझी एक शंका आहे. चोरीच्या मालाचा इतका बारीक पंचनामा करायला माल तीनतीनदा हाताळावा लागतो. परवा रेवा एका खिंडीचं नाव विसरली, तर यानेच सांगितलं.

आईने यातलं एक पान वाचलेलं नाही. ती भाजी निवडते आणि रेवा तिला गोष्ट सांगते. केल्टसेट नावाचा मुका, अवाढव्य ट्रोल, म्हणजे राक्षसच म्हणा, कथेत आला, तेव्हाच आई मेथीवरून नजर न उचलता म्हणाली, "हा जाणार."

"आजी, तुला कसं माहीत?"

"मुका आहे, गुणी आहे आणि परक्यासाठी राबतोय. राहील कशाला?"

तो गेला. रेवा रडली. आई म्हणाली, "पुढे सांग." पुढे काय होणार हे ठाऊक असणं तिच्या मते गोष्टीचा दोषच नाही. श्रावणातल्या कहाण्या ती वर्षानुवर्षं त्याच शब्दांत वाचते आणि नावडतीची आवडती होते तिथे दर वर्षी खूश होते.

बायकोचं मत व्यवहारी. "महिनोन्महिने चालताहेत, तर रोज रात्री रानात जेवायला कोण घालतं यांना?" मी तिला सांगितलं की डायना विन जोन्स या लेखिकेने १९९६ साली अशा काल्पनिक देशांचं एक थट्टेखोर प्रवासी मार्गदर्शकच लिहिलंय. तिथे खायला कायम रस्साच मिळतो आणि तो शिजायला किती वेळ लागतो याचा कोणी विचार करत नाही, असं तिचंही म्हणणं आहे. बायको म्हणाली, "बाईच असणार." शॅनाराची तलवार माणूस कापत नाही, फक्त समोरच्याला त्याचं सत्य दाखवते, हे कळल्यावर ती घाईने म्हणाली, "ती वस्तू आपल्याकडे नको." त्यावर मात्र घरात एकमत झालं.

शेजारच्या काकांनी फक्त दुसरा भाग वाचलाय, कारण रद्दीवाल्याकडे तेवढाच होता. "छान आहे, पण सुरुवात जरा अंधारात वाटते," असं ते सांगत. २०१६ साली यावर टीव्ही मालिका आली तीच मुळी दुसऱ्या भागापासून, हे रेवाने सांगितल्यापासून काका जिन्यात भेटले की विजयी चेहरा करतात.

एका रविवारी मी मध्यस्थी करायचं ठरवलं. म्हटलं, व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ सालीच दाखवून दिलंय की त्यांच्याकडच्या परीकथा ठरावीक ३१ घटनांच्या साखळीतून जातात, तेव्हा ब्रुक्सनेच काय पाप केलं? अविनाश म्हणाला, मी चोराला वकील दिला. (ब्रुक्स स्वतः वकीलच होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.) रेवा म्हणाली, मी तिच्या पुस्तकाचा सापळा केला. आई म्हणाली, "एकतीस? बरेच लागतात की त्यांना."

माझं खरं मत विचाराल तर पहिला भाग उसना, दुसरा चांगला आणि तिसऱ्यात ॲलानन मरतो तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, आता तरी त्या घराचं दार वाजायचं थांबेल. पण १९९० पासून ब्रुक्सने पुढची चार पुस्तकं काढली. त्यांत ॲलाननचं भूत ओमस्फर्डांच्या वंशजांना बोलावणं धाडतं.

"मेल्यावरसुद्धा?" आई म्हणाली. तिने भाजीचं ताट बाजूला ठेवलं. "मग आणा की."

रेवाने माझ्याकडे पैसे मागितले. अविनाश निघताना चपला घालत होता. तो खाली बघूनच म्हणाला, "चारही एकदम मागव. आणि हिचं वाचून झालं की आधी मला. काकांना नंतर."