उंदरांना का वगळलंत?

‘पालिकेच्या नोंदवहीमुळे मुंबईतल्या प्लेगचा माग अचूक लागत होता’ हे तुमच्या प्लेगच्या साथीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. नोंद व्हायला आधी कुणी सांगायला तर हवं! आमच्या पणजीची गिरगावातली गोष्ट घरात अजून सांगतात: काखेत गाठ आलेल्या दिराला माळ्यावर गोधड्यांच्या ढिगामागे झोपवलं होतं, आणि तपासनीस आले की खाली मुद्दाम पोरं रडवायची, कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून.

खरा माग दिला उंदरांनी. १९०५ नंतर प्लेग कसा पसरतो हे शोधणाऱ्या प्लेग कमिशनच्या लोकांनी उंदीर कुठे सापडला याची नोंद ठेवून ते परळच्या प्रयोगशाळेत तपासले, प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर चढलेल्या, उंदरांकडून माणसांत प्लेग आणणाऱ्या पिसवा मोजल्या. साथ आधी उंदरांत दिसायची, मग माणसांत. लेखात याबद्दल चकार शब्द नाही!