‘पिलं मोठी, म्हणजे तब्येत ठणठणीत’? आर्क्टिकच्या माशांबद्दलचा हा समज चुकीचा आहे

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आर्क्टिकचा बर्फ वितळतोय म्हणून उगाच गळे काढू नका. पाणी उबदार झालं की माशांची पिलं भराभर वाढतात, जाळ्यात जास्त येतात, त्यांना खायलाही मुबलक मिळतं. आणि एखादी जात घटलीच तर दक्षिणेकडून दुसरी येऊन तिची जागा घेते. वाचताना चारही मुद्दे पटतात. म्हणूनच मला ते घातक वाटतात.

‘पिलं मोठी दिसतात, म्हणजे सुदृढ आहेत.’

वजनाला लांबीच्या घनाने भागून तब्येत ठरवायची रीत जुनी आहे. मोठ्या माशांसाठी ती बऱ्यापैकी चालते. पण पिलू उपाशी राहिलं की अंगातली चरबी जळते आणि तिची जागा बऱ्याच अंशी पाणी घेतं, त्यामुळे काटा फारसा हलतच नाही. म्हणून प्रयोगशाळेत पिलू आधी ओलं तोलतात, मग वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत सुकवून पुन्हा तोलतात. जे वजन गेलं, ते पाणी. चरबी मोजायला क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात ती उतरवून घ्यावी लागते. मग त्यात ट्रायग्लिसराइड किती आणि कोलेस्टेरॉल किती हे बघतात. ट्रायग्लिसराइड ही साठवण, ती उपासमारीत आधी संपते. कोलेस्टेरॉल पेशींच्या पडद्यांचं, ते फारसं घटत नाही. दोन्हींचं गुणोत्तर पिलाची खरी अवस्था सांगतं. हे नमुने उणे ८० अंशांवर ठेवतात, कारण साध्या फ्रीझरमध्येही चरबी हळूहळू बिघडत जाते. बोटाएवढी दोन पिलं, लांबी तीच, वजन तेच. एकाच्या यकृतात हिवाळ्याची शिदोरी भरलेली, दुसऱ्याचं रितं. फोटोत हा फरक कधीच दिसणार नाही.

प्रत्येक जातीला एकच फूटपट्टी लावूनही चालत नाही. अंटार्क्टिकच्या सिल्व्हरफिश या माशाला तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी नसते. तिच्या अंगातली चरबी तिला पाण्यात तरंगतं ठेवायलाही लागते.

‘जाळ्यात जास्त येतात.’

याचं उत्तर अलास्का आणि रशियामधल्या बेरिंग समुद्राने देऊन ठेवलं आहे. २००१ ते २००५ ही तिथली उबदार वर्षं. पोलॉक या कॉडच्या कुळातल्या माशाची पिलं उन्हाळ्याअखेर भरपूर दिसायची, पण अंगात चरबी कमी. ध्रुवाजवळच्या हिवाळ्यात उजेड नाही, खाद्य तुटपुंजं; पिलाला साठ्यावरच दिवस काढावे लागतात. त्यातली फार थोडी वर्षाची झाली. पुढे समुद्रातल्या पोलॉकची संख्याच घसरली आणि मासेमारीची मर्यादा सुमारे १५ लाख टनांवरून २००९ मध्ये सुमारे ८ लाख टनांवर आणावी लागली. नंतरच्या थंड वर्षांत पिलं चरबीने भरलेली निघाली आणि जास्त जगली. हिवाळा पार करून किती उरली, हा आकडा खरा. शरद ऋतूतल्या जाळ्यातला नव्हे.

‘खाणं मुबलक मिळतं.’

मिळतं, पण काय मिळतं? कॅलानस ग्लेशियालिस हा थंड पाण्यातला कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातला इवलासा जीव, चरबीची कुपीच. बर्फाखाली उगवणारं शैवाल खाऊन तो पोसतो. बर्फ लवकर गेला की त्याच्याऐवजी लहान, कमी चरबीचे कोपेपॉड वाढतात. पिलाचं पोट भरतं, साठा होत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये बर्फ लवकर फुटतो त्या वर्षी पोलर कॉड या तिथल्या छोट्या माशाची लवकर जन्मलेली पिलं तगतात आणि शरद ऋतूपर्यंत मोठीही होतात. हा लाभ खरा आहे, पण तो काही काळापुरताच. याच माशाची अंडी हिवाळ्यात बर्फाखाली तरंगतात आणि प्रयोगांत पाणी ३ अंशांच्या वर गेल्यावर ती जवळजवळ जगलीच नाहीत.

‘दुसरी जात जागा घेते.’

समुद्रात जागा भरेलही, पण खाणाऱ्याच्या पोटाचं काय? शून्य अंशाच्या पाण्यातही पोलर कॉडचं पिलू वाढतं आणि चरबी साठवतं. दक्षिणेकडच्या पोलॉकला ते तितकं जमत नाही. सील, बेलुगा, समुद्रपक्षी यांचं सगळं गणित या चरबीवर बसलेलं आहे. अलास्काच्या कूपर बेटावर जॉर्ज डिव्होकी १९७५ पासून काळ्या गिलेमॉट पक्ष्यांची घरटी तपासत आले आहेत. बर्फ किनाऱ्यापासून दूर सरकला तसा पोलर कॉड आवाक्याबाहेर गेला आणि आईबाप चोचीत स्कल्पिन आणू लागले. हा मासा हाडकुळा, मोठ्या टणक डोक्याचा. घरट्यात मासा येत होता, तरी पिल्लांची वाढ खुंटली आणि कित्येक घरट्यांत ती उपासमारीने मेली.