काळ्या नाण्याचे पाच लाख? अहो, खारी हवा आहे ती!

कोकणातल्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘टांकसाळीत चुकलेलं नाणं घरात शोधा. काळं पडलेलं, मधली चकती निखळलेलं, आडवी रेघ असलेलं, उलट्या छापाचं. रिझर्व्ह बँकेची मान्यता. पाच लाख मिळतील, आधी नोंदणी फी भरा.’ देवगडची माझी आत्या देवघरातला डबा उपडा करून फी भरायला निघाली होती, म्हणून हे लिहितोय.

काळं नाणं. मासळीबाजारात ओल्या हातांतून फिरलेलं, नाहीतर पुलावरून कुणी खाडीत टाकलेलं आणि ओहोटीला पोरांनी वेचलेलं नाणं काळं नाही पडणार तर काय होणार? पाचाच्या पिवळ्या नाण्यातलं जस्त खारं पाणी आधी खातं, मग ते लालसरही दिसतं. टांकसाळीचा इथे संबंध काय?

आता ती चकती. या मुद्द्याने तर डोकंच फिरलं. दहाच्या नाण्याचं बाहेरचं कडं आणि मधली चकती वेगवेगळी बनतात. ठशांचा, म्हणजे छाप उठवणाऱ्या साच्यांचा, दाब पडतो तेव्हा दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात आणि छापही तेव्हाच उठतो. चकतीशिवाय कडं छापलं गेलं, तर धातूला आत मोकळी जागा मिळते, तो तिकडे सरकतो आणि भोक आकसतं, वेडंवाकडं होतं. आत्याच्या नाण्याच्या कड्याचं भोक मात्र अगदी गोल, आणि छाप सांध्यावर सुरीने कापल्यासारखा तुटलेला. म्हणजे नाणं आधी पूर्ण होतं, नंतर कुणीतरी हातोडी घेऊन बसलं. असली ‘दुर्मिळ’ नाणी परसात बसून डझनभर करता येतील.

रेघेचं सोपं आहे. ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उठून येते. खोल गेलेली रेघ म्हणजे ओरखडा. नख फिरवा, कळेल.

उलट्या छापाबाबत मेसेज अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य. आपल्या नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला सरळ असतात. नाणं उभं धरून बाजूने फिरवल्यावर मागची बाजू डोकं खाली दिसली, तर ठसाच फिरलेला होता. हे घरी जमत नाही. संग्राहक अशी नाणी घेतात. पाच लाखांना घेणारा मात्र मला अजून भेटायचाय.

आणि ती ‘मान्यता’! ४ ऑगस्ट २०२१ च्या निवेदनात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलंय: जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत आम्ही नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन मागत नाही, आमच्या नावाने ते घ्यायचा अधिकारही कुणाला दिलेला नाही. फी आधीच भरली असेल, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आजच फोन करा.