देवदूत आल्यास ओटीपी विचारा

बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात म्हटलंय की, अनोळखी पाहुण्यांचा पाहुणचार करताना काही जणांनी नकळत देवदूतांनाच जेवू घातलं. सगळा घोटाळा त्या ‘नकळत’ शब्दात आहे. त्या काळी गेटवर ॲप नव्हतं. तुम्ही कांदिवलीत बाविसाव्या मजल्यावर राहता, तुमच्याकडे कोणी नकळत येईलच कसं? देवदूत असो की कुरिअरवाला. नाव, नंबर, फोटो आणि ओटीपी घेतल्याशिवाय सोडू नका.

अब्राहामाकडून शिकायचं ते एवढंच की भर दुपारी दारात बसू नये. बसलं की माणसं दिसतात. त्याला तिघं दिसले, तर हा म्हातारा धावत सामोरा गेला आणि बायकोला, सारेला म्हणाला, तीन मापं सपीठ मळ. ती तीन मापं २० लिटरच्या वर भरतात. तीन माणसांसाठी! सारा त्यावर काय बोलली ते बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात दिलेलं नाही, आपापल्या घरी विचारून पाहा. तुम्ही सरळ बिर्याणी मागवा. अपराधी वाटलंच, तर येशू ज्या बहिणींच्या घरी गेला, त्या मार्था-मरीयेची गोष्ट काढा. राबणाऱ्या मार्थेची नाही, पायाशी बसून ऐकणाऱ्या मरीयेची बाजू प्रभूने घेतली, म्हणजे चूल न पेटवायला शास्त्राधार झाला. राहिलं ऐकणं. ते मॅच संपल्यावर बघू.

बोलवायचं कुणाला? लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात प्रभू सांगतो, मेजवानीला मित्र, नातलग, श्रीमंत शेजारी नकोत, तेही उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलवा. यातला पहिला अर्धा भाग आपण कसोशीने पाळतो. नातलगांना नाताळात करंज्यांचा फोटो जातो. दुसऱ्या अर्ध्यासाठी चर्चमध्ये दानपेटी आहे.

नाती मात्र मनापासून जपा. चौदाव्या मजल्यावरच्या एकट्या अंकलनी ग्रुपवर ‘प्रार्थना करा’ असं टाकलं आणि सत्तावीस जोडलेले हात आले, तर अठ्ठाविसावे तुमचे असू द्या. आठ मजले खाली उतरू नका. न कळवता गेलेलं बरं दिसत नाही.

ऑक्टोबरात रोझरीसाठी, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेसाठी, मारियामातेची मूर्ती घरोघरी फिरते, तेव्हा आपला नंबर लागला की माणसं घरात घ्यावीच लागतात. त्यावरही उपाय आहे. एसी अठरावर ठेवा, कोणी रेंगाळत नाही. उकडलेले चणे कागदी कपात द्या. बशी परत द्यायची नसली की माणूस खात खातच लिफ्टकडे निघतो.

आता दाराचा प्रश्न. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी नियम लिहिले. ५३व्या प्रकरणात तो म्हणतो, येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्तच समजा. ६६व्यात दारावर कोण हवं तेही सांगितलंय: शहाणासा म्हातारा, वयामुळे इकडेतिकडे न भटकणारा, आणि कोणी दार वाजवलं की ‘देवाचे आभार’ म्हणणारा. आमच्या सोसायटीने ही जागा केव्हाच भरलीय. साठीचे, दरभंग्याचे, कुठे भटकत नाहीत. फक्त म्हणतात, ‘कौन से फ्लैट में?’

गेल्या महिन्यात नंदाखालची मावशी न कळवता आली. विरार लोकलने, दोन पिशव्या घेऊन. मी तेव्हा ‘नात्यांतला जिव्हाळा’ या ऑनलाइन शिबिरात होतो, कॅमेरा बंद करून. मोबाइलवर गेटचा निरोप आला आणि मी ‘नाकारा’ दाबलं. सवयीने हो, बघूनही नाही. नंतर गेटच्या कॅमेऱ्यात पाहिलं, तर वॉचमनच्या खुर्चीवर मावशी, खाली पालथ्या बादलीवर वॉचमन, आणि थर्मासच्या झाकणात तिला दिलेला अर्धा चहा. तासभर बोलत होती दोघं, ती वसईच्या बोलीत, ते दरभंग्याच्या. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न कधी आहे, ते आता मावशीला ठाऊक आहे. मला त्यांचं आडनाव अजून माहीत नाही.

तेव्हा असं कोणी आलंच, तर परत जाऊ द्या, रात्री ‘सॉरी’चा मेसेज टाका. पिशव्या मात्र पार्सलच्या फळीवरून लगेच उचला, सुकेळ्यांना मुंग्या लागतात. आणि एक पुडी कमी निघाली तर कमिटीकडे तक्रार करत बसू नका. ती मावशीने त्यांना दिलेली असते.