आधी तिला विचारा

पुण्यात माझ्या गरोदर भाचीच्या डबल मार्करचा, म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोमसारखा दोष असण्याचा धोका सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला : १:१८०, शेजारी लाल अक्षरांत 'हाय रिस्क'. संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. मामेभाऊ म्हणाला, लगेच एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाचा अधिक नेमका अंदाज देणारी तपासणी) करून टाका. काकू म्हणाली, आमच्या वेळी कुठे होत्या असल्या टेस्ट, सगळा पैसे काढायचा धंदा. एवढ्या मेसेजांत भाचीचा एकही नव्हता. मला राग आला तो याचा, आणि तो अजून जात नाही.

१:१८० म्हणजे असा आकडा आलेल्या १८० जणींत एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असू शकतो. १७९ जणींच्या बाळांना नसतो. हे निदान नाही, नुसता अंदाज. एवढं मी फोनवर सांगितलं तेव्हा कुठे तिचं रडू थांबलं. रिपोर्ट हातात देताना दोन मिनिटं कुणालाच मिळाली नव्हती.

इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला, माझ्या गरोदरपणात फर्लोसकुंडिगेनं (इथली प्रशिक्षित सुईण) तपासणीचं नाव काढायच्या आधी विचारलं होतं, "याबद्दल तुला ऐकायचंय का?" हो म्हटल्यावर अर्धा तास समजावत बसली. तेव्हा एनआयपीटीला १७५ युरो पडायचे, एप्रिल २०२३ पासून फुकट आहे. तरी नको म्हणणाऱ्या पुष्कळ. माझी शेजारीण नको म्हणाली, तिला कुणी कारण विचारलं नाही.

हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, "तिकडचं तिकडे. इथे मुलींचे गर्भ पाडले म्हणून कायदे करावे लागले." खरंच आहे. देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला, त्याचा मला अभिमान आहे. पण १९९४ च्या केंद्राच्या कायद्यातच लिहिलंय : तपासणीसाठी गर्भजल काढण्याआधी धोके बाईला समजावायचे, तिला कळेल त्या भाषेत तिची लेखी संमती घ्यायची, प्रत तिच्या हातात द्यायची. तिची संमती, नवऱ्याची नव्हे, सासूची नव्हे. मी काही परकं मागत नाहीये.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर लिहिली नाही. तेव्हा फर्लोसकुंडिगेकडून "निर्णय तुझा," असं ऐकून बाहेर आले आणि पावसात सायकलचं कुलूप न काढताच आईला फोन लावला. कर किंवा करू नको, काहीतरी तिनं सांगावं म्हणून. आई म्हणाली, "तुमच्या तिकडचं मला काय कळतंय, बाई."

काल भाचीचा फोन आला. "मावशी, सात प्रश्न लिहून काढलेत. मंगळवारी डॉक्टरांकडे जातेय, सोबत आजी येतेय."

मला बरं वाटलं. आणि तिचा हेवाही वाटला.