संन्याशाला सुळी देण्याची योग्य पद्धत

जुनी गाडी हाती आली की बॉनेट उघडून पहिले काम कोणते करावे, याविषयी हौशी मंडळींत सहसा न आढळणारे एकमत आहे. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, अल्टरनेटरच्या आसपास, पट्ट्यावर फिरणारा जो एक बोजड डबा दिसतो, तो आधी उतरवून भंगारात टाकावा. त्याचे नाव एअर पंप. अमेरिकेत त्याला स्मॉग पंप म्हणतात. तो काय काम करतो, हे समजून घेण्याच्या फंदात आपण शक्यतो पडू नये, कारण ते समजल्यावर पाना धरलेला हात थबकण्याचा धोका असतो.

तरीही शत्रूची तोंडओळख असावी म्हणून थोडक्यात सांगतो. सिलिंडरमध्ये गेलेले पेट्रोल कधीच पूर्णपणे जळत नाही. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा बाहेर पडणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन असतात. मात्र ते वायू त्या क्षणी इतके तापलेले असतात की, तेथेच थोडी ताजी हवा मिळाली तर राहिलेले ज्वलन बाहेरच्या वाटेवर बरेचसे उरकते. पंप एवढेच करतो. तो हवा ओढतो, नळ्यांतून व्हॉल्व्हच्या तोंडाशी सोडतो आणि विषारी मोनॉक्साइडचे डायऑक्साइडमध्ये रूपांतर घडवतो. इंजिनाचे काम जेथे संपते तेथे त्याचे काम सुरू होते, त्यामुळे इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाशी त्याला काही देणेघेणे नसते. असा परोपकारी प्राणी आपल्या बॉनेटखाली राहावा, हे कोणत्याही स्वाभिमानी वाहनमालकाला सहन होणार नाही.

तो तेथे आला कसा, हेही ऐकून ठेवावे. लॉस एंजेलिसच्या हवेत डोळे चुरचुरवणारे जे धुके दाटत असे, त्याच्या मुळाशी मोटारींचा धूर आणि सूर्यप्रकाश यांची रासायनिक क्रिया आहे, असे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियाने १९६६च्या मॉडेलांपासून धुराला मर्यादा घातल्या: हायड्रोकार्बन दर दहा लाख भागांत २७५ आणि कार्बन मोनॉक्साइड दीड टक्का. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी त्यासाठी पंप बसवला. क्रायस्लरने पंपाऐवजी कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) व टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) यांच्या जुळणीवर भर दिला. १९६८च्या मॉडेलांपासून मर्यादा साऱ्या अमेरिकेला लागू झाल्या आणि संन्यासी देशभर पोहोचला.

आता आरोपपत्राकडे वळू. पहिला आरोप असा की, पंप धूर स्वच्छ करतच नाही, नुसती हवा मिसळून तो पातळ करतो आणि तपासणी यंत्राला फसवतो. हा आरोप आपण अवश्य करावा. ऐकणारा हमखास प्रभावित होतो. फक्त त्याने प्रतिप्रश्न करण्यापूर्वी विषय बदलावा. १९७२पासून अमेरिकेच्या केंद्रीय चाचणीत धुराचे प्रमाण टक्क्यांत नव्हे, तर दर मैलामागे किती ग्रॅम अशा वजनात मोजले जाऊ लागले, आणि कितीही हवा मिसळली तरी ग्रॅम काही कमी होत नाहीत.

दुसरा आरोप अधिक लोकप्रिय आहे: पंप इंजिनाची ताकद खातो. पट्ट्यावर फिरणारी कोणतीही वस्तू थोडी ताकद घेते, हे मान्य. पंपाचा वाटा एखाददुसऱ्या अश्वशक्तीच्या आसपासचा, आणि कमी वेगात तर तोही जाणवत नाही. पण १९७०च्या दशकात जाहिरातींतले अश्वशक्तीचे आकडे धडाधड कोसळले, ते कशामुळे? १९७१च्या सुमारास कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी इंजिनांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचे प्रमाण) उतरवले गेले. टायमिंग मागे घेतले गेले, मिश्रणात पेट्रोल कमी करून ते पातळ केले गेले. शिवाय १९७२च्या मॉडेलांपासून उत्पादकांनी उघड्या इंजिनाची ‘ग्रॉस’ अश्वशक्ती सांगणे सोडून, पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर असा सारा संसार जोडलेल्या इंजिनाची ‘नेट’ अश्वशक्ती सांगायला सुरुवात केली, त्यामुळे इंजिन तेच असतानाही कागदावरचे बरेच घोडे एका रात्रीत पळाले. यांपैकी एकही गोष्ट दोन बोल्ट सोडवून काढता येत नाही. पंप काढता येतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यामागे असे शुद्ध व्यावहारिक कारण असते.

निकाल लागला, तेव्हा अंमलबजावणी. पंप किंचाळत असेल तर कारण शोधू नये. हवा एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह खराब झाला की तापलेले वायू उलटे फिरून पंपात शिरतात आणि त्याची वाट लावतात; तो लहानसा व्हॉल्व्ह बदलून प्रश्न सुटण्याची शक्यता असते, आणि प्रश्न सुटला तर पंप काढण्याचे निमित्तच उरणार नाही. त्यापेक्षा पंपात सढळ हाताने तेल ओतावे. त्याची पाती तेलाविना चालण्यासाठीच घडवलेली असल्याने, निमित्त लवकरच पक्के होईल. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच सायलेन्सरमधून बार उडत असतील, तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि त्याला जाणारी व्हॅक्यूमची नळी तपासण्याच्या मोहात पडू नये. त्या क्षणी न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये येते म्हणून पंपाची हवा दुसरीकडे वळवणे, हेच त्या व्हॉल्व्हचे काम असते. त्याने काम सोडले, तरी दोष पंपालाच द्यावा.

मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागात, शिरणाऱ्या नळ्या सोडवाव्यात. वर्षानुवर्षे तापून आणि गंजून त्या धातूशी एकजीव झालेल्या असतात, त्यामुळे त्या सुटत नाहीत, तुटतात. तुटलेला तुकडा आत अडकून आटे गेले की समजावे, काम नियमानुसार चालले आहे. उरलेली भोके बुजवणे ही वेळखाऊ बाब आहे. ती उघडी ठेवल्यास गाडी फुसफुसू लागते, आणि तो आवाज पुष्कळांना ताकद वाढल्यासारखा वाटतो. ज्या गाडीत धुरातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिजन सेन्सर आहे तेथे गंमत आणखी वाढते: भोकांतून शिरलेली हवा पाहून सेन्सर समजतो की मिश्रण फारच पातळ आहे, संगणक इमानाने जादा पेट्रोल ओततो, आणि पंप खात होता त्याहून कितीतरी अधिक इंधन आपली मुक्त झालेली गाडी खाऊ लागते.

अल्टरनेटर त्याच ब्रॅकेटवर टांगलेला होता, हे बहुधा पंप उतरल्यानंतर लक्षात येते. पट्टाही आता लांब पडतो. तो ढिला राहून घसरू लागला आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल, तर इंजिन तापण्याचा अनुभवही पदरात पडेल.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा डबा) असलेल्या गाड्यांविषयी फार बोलत नाही. १९७५च्या मॉडेलांपासून अमेरिकेत तो सर्रास आला, आणि त्यात ज्वलन पूर्ण होण्यासाठी लागणारा प्राणवायू अनेक गाड्यांत पंपच पुरवत असे. पंप गेल्यावर कन्व्हर्टर अर्धपोटी राहतो, त्याचे काम होत नाही, आणि मग ‘याचाही काही उपयोग नाही’ असे म्हणून तोही काढता येतो. पुढच्या पिढीच्या गाड्यांत पंप विजेवर चालतो, आणि तोही थंड इंजिन सुरू केल्यावर थोडाच वेळ. एवढा वेळ सोडला तर तो निमूट बसून असतो, तरी त्याला काढल्यावाचून चैन पडू नये. डॅशबोर्डवर दिवा लागला आणि तपासणी यंत्राने पी०४१० हा पंपाच्या यंत्रणेतील बिघाडाचा कोड दाखवला, तर दिव्यावर काळी चिकटपट्टी लावावी.

कायद्याचे भय बाळगू नये. तो आपल्यापर्यंत फार सावकाश पोहोचला आहे. १९७०च्या अमेरिकी कायद्याने अशी उपकरणे निकामी करण्यास उत्पादक आणि विक्रेते यांना मनाई केली, १९७७च्या दुरुस्तीने गॅरेजवाल्यांना, आणि १९९०च्या दुरुस्तीने खुद्द मालकाला. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्यापूर्वीच्या मॉडेलांना नियमित धूर तपासणीतून सूट आहे. सूट तपासणीची आहे, उपकरण काढण्याची नाही, हा बारकावा आपल्या मित्रमंडळींत कोणी काढणार नाही.

एक अडचण तेवढी राहते. ज्या काळी हे पंप पोत्याने भंगारात गेले, त्या काळच्या गाड्या आज मूळ रूपात हव्या असणारे लोक निघाले आहेत, आणि ओतीव भागावरची तारीख जुळणाऱ्या पंपासाठी ते हसत हसत भरमसाट पैसे मोजतात. त्यावर काही चतुर मंडळींनी तोडगा काढला आहे: पंप जागेवर ठेवावा, पण आतील पाती काढून टाकावीत. पुली फिरते, पट्टा झिजतो, वजन जसेच्या तसे राहते, नळ्या गंजत राहतात, आणि हवा मात्र येत नाही. ताकदीत जाणवण्याजोगा फरक पडत नसला, तरी प्रदर्शनात बॉनेट उघडून उभे राहण्यास काहीच हरकत नाही.